मास्तर बदलण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी भिवंडीचा. म्हणजे भिवंडी तालुक्यातल्या एका गावचा. आमचा भाग तुमच्यापैकी पुष्कळांनी मुंबई-नाशिक महामार्गावरून जाताना गाडीच्या काचेतून पाहिला असेल. एकीकडे यंत्रमागांची खडखड, दुसरीकडे गोदामं आणि त्यांच्यासमोर ट्रकच्या रांगा. पण भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की याच भागात संध्याकाळी वेगळा आवाज ऐकू येऊ लागतो. गावोगाव मैदानं आखली जातात, बांबूंना दिवे बांधले जातात आणि दिवसभर गोदामात खोकी उचललेली पोरं रात्री मांडीवर थाप मारून कबड्डीच्या मैदानात उतरतात. आमच्या पट्ट्यात कबड्डीचं मंडळ नसलेलं गाव शोधूनच काढावं लागेल.

मी एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस होतो आणि गावच्या कबड्डी मंडळाचा चिटणीस. खेळाडू म्हणून मी बेताचाच. मध्यरेषा ओलांडली की माझे पाय जड व्हायचे. त्यामुळे आज मी तुम्हाला चढाई-पकडीचे डाव सांगणार नाही. मी सांगणार आहे ती एका बैठकीची गोष्ट. सतत हरणाऱ्या संघाला प्रशिक्षक कसा निवडावा, हा आजचा विषय. तो कसा निवडू नये, हे मला स्वतःच्या अनुभवावरून चांगलं ठाऊक आहे.

गोष्ट १९९७ सालची. त्या हंगामात आमचा संघ लागोपाठ तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाद झाला. गावात तोंड दाखवायची चोरी झाली. देवळाच्या सभामंडपात मंडळाची बैठक बसली. चहा येण्याआधीच कुणीतरी म्हणालं, "मास्तर बदला." आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. मलाही वाटलं. दोष कुठे आहे ते सापडलं होतं ना!

मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक. मुंबईच्या गिरणीतून घरी बसलेले गृहस्थ. वीस वर्षं ते गावातल्या पोरांना शिकवत होते. मानधन म्हणाल तर दसऱ्याला नारळ आणि शाल. ते दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगायचे. एक म्हणजे, आपण सामना शेवटच्या पाच मिनिटांत हरतो; पोरं दिवसभर हमाली करून येतात, त्यांचा दम तिथे संपतो, म्हणून ताज्या पायांचा आणखी एक चढाईपटू पाहिजे. दुसरी गोष्ट, तो चढाईपटू आपल्याकडे आहे. पद्मानगरातून आमच्या गावात भाड्यानं राहायला आलेल्या एका तेलुगू विणकराचा तो मुलगा. अंगानं काटकुळा, पण बोनस रेषेवर पाय टाकून असा परत यायचा की पकडणाऱ्याच्या हाती वाराच लागावा.

त्या मुलाला आम्ही खेळू दिलं नाही. गावचा नाही, असं कारण सांगितलं. खरं कारण, त्याला घ्यायचं तर आमच्या मोठ्या देणगीदाराचा भाचा बाहेर बसवावा लागला असता. सात जणांची यादी मास्तर करायचे आणि सामन्याच्या सकाळी ती आम्ही बदलायचो. आणि संध्याकाळी हरलो की मास्तरांकडे पाहायचो.

तर मास्तरांना आम्ही मोकळं केलं. त्यांच्या जागी मुंबईचा एक नामांकित खेळाडू आणला. एका कंपनीकडून व्यावसायिक गटात खेळलेला, वर्तमानपत्रात फोटो आलेला. नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती. हार घातला, ताशा वाजवला, वर्गणी काढून मानधन ठरवलं. तो आठवड्यातून एकदा, शनिवारी यायचा. कोपऱ्यातून घोटा धरण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "असं धरायचं," म्हणायचा आणि धरून दाखवायचा. पोरं टाळ्या वाजवायची. रविवारी मैदानात तो घोटा काही त्यांच्या हाती लागायचा नाही. पुढच्या चार स्पर्धांत आम्ही पुन्हा पहिल्या फेरीत गारद झालो. हळूहळू त्याचं येणं थांबलं. सात जणांची यादी मात्र अखेरपर्यंत आम्हीच करत होतो.

पुढे २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मातीवरचा आमचा खेळ रंगीत मॅटवर गेला, खेळाडूंचे लिलाव होऊ लागले, आकडे कोटींच्या घरात गेले. मला वाटलं होतं, इतका पैसा ओतणारी माणसं आमच्यासारखी सभामंडपात निर्णय घेत नसतील. पण आपल्या महाराष्ट्राच्याच एका संघाची दहा-अकरा वर्षं नीट पाहिली आणि लक्षात आलं, अडचण पैशानं सुटणारी नाही.

हा संघ म्हणजे पुणेरी पलटण. पहिल्या हंगामात आठ संघांत आठवा. २०१५ च्या दुसऱ्या हंगामातही आठवाच. शेजारचा यू मुंबा तोवर एकदा उपविजेता आणि एकदा विजेता झालेला. पुणेकरांना काय वाटत असेल, ते त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी बोलून दाखवलंच असेल! पुढे पलटण सावरली, बाद फेरीपर्यंत जाऊ लागली, पण विजेतेपद काही हाती येईना.

मग २०१९ च्या हंगामासाठी पुण्यानं प्रशिक्षक म्हणून आणला अनुप कुमार. कबड्डीत त्याहून मोठं नाव कोणतं? २०१६ चा विश्वचषक भारतानं त्याच्या नेतृत्वाखाली जिंकला होता. यू मुंबाचं २०१५ चं विजेतेपदही तोच कर्णधार असताना आलेलं. खेळातून नुकताच निवृत्त झालेला, डोकं बर्फासारखं थंड. आणि त्या वर्षी पुणे बारा संघांत दहावं आलं.

आमच्या सभामंडपात त्या दिवशी काय झालं असतं, ते तुम्हाला सांगायला नको. पुण्यानं त्याला ठेवलं. मध्ये करोनानं एक वर्ष खाल्लं. २०२१-२२ चा हंगाम बंगळूरमध्ये प्रेक्षकांविना झाला. संघात नावाजलेले चढाईपटू होते, तरी हंगाम पुढे सरकला तसा चढाईचा भार दोन नव्या पोरांवर आला. एक आपल्या नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा अस्लम इनामदार आणि दुसरा मोहित गोयत. पुणे बाद फेरीत पोचलं, तिथे हरलं.

त्यानंतर प्रशिक्षक बदलला. आले बी. सी. रमेश. हे कर्नाटकचे, स्वतः भारताकडून खेळलेले, आणि २०१९ साली बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलेले. पण त्यांनी येऊन सगळं पुसून नवी पाटी मांडली नाही. पोरं तीच ठेवली. त्या पोरांच्या मागे पकडीची भक्कम भिंत उभी केली. २०२२ साली पुणे अंतिम सामना खेळलं, जयपूरकडून चार गुणांनी हरलं. आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती झाली. कर्णधार होता अस्लम इनामदार.

आता सांगा, हे विजेतेपद कुणाचं? रमेश यांचं आहेच. पण ज्या हंगामात दहावा नंबर आला, तिथून ती पोरं मैदानात उभी राहीपर्यंत धीर धरला गेला, त्याचा वाटा नाही का? आमच्याकडे भातशेतीत म्हणतात, लावणी करणारा आणि कापणी करणारा हात एकच असेल असं नाही. पेरलेलं वाढू द्यायला मात्र बांधावर बसणाऱ्याला धीर लागतो.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षाच्या अखेरच्या हंगामात तेच रमेश प्रशिक्षक असताना पुणे बाद फेरीतही पोचलं नाही. विजेत्या प्रशिक्षकाची अक्कल नऊ महिन्यांत कुठे गेली? कुठेच गेली नव्हती. कर्णधार अस्लम दुखापतीनं हंगामाच्या मध्येच बाहेर गेला. आदल्या वर्षी पकडीचा खांब असलेला इराणचा मोहम्मदरेझा शादलू लिलावात हरियाणाकडे गेला. आणि त्या वेळी विजेता कोण झाला? हरियाणा स्टीलर्स. तोही पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर.

या हरियाणाच्या प्रशिक्षकाची गोष्ट मला फार आवडते. मनप्रीत सिंग. गुजरातच्या संघाला त्यानं लागोपाठ दोन हंगामांत अंतिम सामन्यात नेलं आणि दोन्ही वेळा तो हरला. हरियाणाला नेलं, तिथेही पुण्याकडून हरला. तीन अंतिम सामने, तिन्ही हरलेले. आमच्या गावात त्याला 'पनवती' म्हणून हाकलला असता. हरियाणानं ठेवला. चौथा अंतिम सामना त्यानं जिंकला. तीनदा अंतिम सामन्यापर्यंत पोचणाऱ्या माणसाला 'हरणारा' म्हणायचं की 'पोचणारा', हे निवडणाऱ्यानं ठरवायचं असतं.

माझा नातू बास्केटबॉलवेडा आहे. पहाटे उठून अमेरिकेतले सामने पाहतो. त्याला मी ही सगळी कबड्डी सांगत होतो तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तुमची गोष्ट डेट्रॉइटला पण झालीय." ती त्याच्याकडून ऐकली तेव्हा मला आमचा सभामंडपच दिसू लागला.

डेट्रॉइट पिस्टन्स हा तिथला जुना, नावाजलेला, पण तेव्हा काही वर्षं रसातळाला गेलेला संघ. २०२३ साली त्यांनी मॉन्टी विल्यम्स हा प्रशिक्षक आणला. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या लीगचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरलेला माणूस. सहा वर्षांचा करार, पावणेआठ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा. तेव्हा बास्केटबॉलमधल्या कुठल्याही प्रशिक्षकाला न मिळालेली रक्कम. आणि झालं काय? ८२ सामन्यांत १४ विजय, ६८ पराभव. त्यातले २८ पराभव लागोपाठ. एका हंगामातला तो विक्रमच. वर्षभरात विल्यम्स यांना घरी पाठवलं, कराराची पाच वर्षं शिल्लक असताना.

त्यांच्या जागी आले जे. बी. बिकरस्टाफ. त्यांना काही आठवड्यांपूर्वीच दुसऱ्या एका संघानं काढून टाकलेलं. म्हणजे बाजाराच्या भाषेत पडलेल्या भावाचा माल. पण या वेळी मालकांनी नुसता प्रशिक्षक बदलला नाही. संघ जमवणारा वरचा माणूसही बदलला. कोवळ्या पोरांच्या जोडीला लांबून अचूक बास्केट टाकणारे, चार पावसाळे पाहिलेले खेळाडू आणले. पुढच्या हंगामात त्या संघानं ४४ सामने जिंकले. चौदाचे चव्वेचाळीस! विल्यम्स एका वर्षात मूर्ख झाले नव्हते आणि बिकरस्टाफ एका रात्रीत जादूगार झाले नव्हते. पहिल्या वेळी मालकांनी नाव विकत घेतलं. दुसऱ्या वेळी आधी उणीव शोधली.

आमच्या कारखान्यात कापडाला दोष पडू लागला की मालक आधी विणकरावर ओरडायचा. चांगला मिस्त्री मात्र ओरडायचा नाही. तो बीम पाहायचा, सूत हातात घेऊन ताणायचा, धोटा कुठे अडतो ते कान लावून ऐकायचा. मग सांगायचा, दोष माणसात आहे, मागात आहे की मालकानं स्वस्तात आणलेल्या सुतात. संघ हरू लागला की असा मिस्त्री आधी पाहिजे. प्रशिक्षक त्यानंतर.

माझ्या मते निवडणाऱ्यानं पहिला प्रश्न स्वतःला विचारावा. आपण नेमकं कधी आणि कशानं हरतो? पहिल्या पाच मिनिटांत की शेवटच्या? चढाईत की पकडीत? दमानं की भीतीनं? याचं उत्तर दहा शब्दांत देता येत नसेल तर नवा माणूस शोधायला निघू नये. दमानं हरणाऱ्या संघाला व्यायाम करून घेणारा माणूस हवा असतो आणि आपण पकडीचा जादूगार आणतो. आम्ही तेच केलं.

दुसरा प्रश्न उमेदवाराविषयी. तो स्वतः कसा खेळला, हे विचारू नये असं मी म्हणत नाही. पण त्याच्या हाताखाली कोण सुधारलं, हे आधी विचारावं. मोठ्या खेळाडूला बऱ्याच गोष्टी उपजत जमतात. उपजत जमलेली गोष्ट दुसऱ्याला पायरी-पायरीनं शिकवणं ही निराळी कला आहे.

या बाबतीत आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. महाराष्ट्रात अनेक वर्षं त्यांनी मुलींना कबड्डी शिकवली. भारतीय महिला संघाची सूत्रं त्यांच्याकडे आली नाहीत. त्यांना बोलावलं इराणनं. भाषा वेगळी, खाणं वेगळं, रीतभात वेगळी. बाईंनी फारसी शिकायला घेतली. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुली अंतिम सामन्यात भारताकडून हरल्या होत्या. २०१८ ला जकार्तात त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला २७-२४ असं हरवलं आणि सुवर्णपदक नेलं. भारतीय म्हणून त्या दिवशी मला वाईट वाटलं. पण जास्त वाईट याचं वाटलं, की आपल्याच अंगणातलं माणूस परक्यांना दिसलं आणि आपल्याला दिसलं नाही. मुलींची भाषा शिकायला तयार असणारा प्रशिक्षक त्यांना मिळाला होता. लाखमोलाची गोष्ट तीच.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. प्रशिक्षकानं आपल्याला न आवडणारा निर्णय घेतला तर आपण गप्प बसू का? तुमच्या देणगीदाराचा भाचा त्यानं बाकावर बसवला तर? दोन कोटींना घेतलेला खेळाडू त्यानं राखीव ठेवला तर? उत्तर 'नाही' असेल, तर कृपा करून प्रशिक्षक शोधू नका. आपल्याला हो म्हणणारा माणूस शोधा, तो स्वस्तात मिळतो. आणि हरलात की शिव्या मात्र स्वतःला द्या.

आणि किती वेळ देणार, ते आधी ठरवा. सामना हरल्यावर नव्हे, आधी. मनातल्या मनातही नव्हे, कागदावर. म्हणजे पराभवाच्या रात्री सभामंडपात कुणी आवाज चढवला तर तो कागद पुढे करता येतो. मुदत संपल्यावर जरूर हिशेब मागा. पुण्यानंही पुढे माणूस बदललाच. २०२५ च्या हंगामात अजय ठाकूर प्रशिक्षक झाला. पुणे पुन्हा अंतिम सामन्यात गेलं आणि दिल्लीकडून २८-३१ असं हरलं. बदल करणं हे पाप नाही. दोष न शोधता केलेला बदल म्हणजे मात्र दुखणं पोटात आणि मलम पायाला.

आता माझ्या गोष्टीचं राहिलेलं टोक.

मास्तरांना काढल्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्या आळीतून जायचं टाळत होतो. शेवटी एका गणपतीत गेलो. त्यांनी बसायला पाट दिला, प्रसाद दिला. मी चाचरत म्हणालो, "मास्तर, नवीन माणसाकडूनही काही झालं नाही." ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला सात जण निवडू दिलेत का?"

मी मान हलवली. नाही.

"मग मी काय आणि तो काय," म्हणाले, आणि माझ्या हातावर आणखी एक मोदक ठेवला.

ते परत मैदानावर आले नाहीत. आता ते नाहीतही. तो काटकुळा तेलुगू मुलगा कबड्डी सोडून वडिलांच्या मागे मागावर उभा राहिला. आता त्याचे केस पिकलेत. चहाच्या टपरीवर कधी भेटतो, हसतो, "चिटणीस, कसे आहात?" म्हणून विचारतो. खेळाचा विषय तो काढत नाही. मीही काढत नाही.

पण यंदा मंडळातल्या नव्या पोरांनी मला बैठकीला बोलावलं. संघ हरतोय, नवा प्रशिक्षक आणायचा आहे, कोणाला आणू, म्हणून विचारत होती. मी कुणाचंही नाव सांगितलं नाही. एक कोरा कागद मागून घेतला आणि म्हणालो, "आधी लिहा, सामन्याच्या दिवशी सात जणांची यादी कोण करणार?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं खिशातून पेन काढलं.